पिवळी कड

पेटीचं झाकण उघडलं आणि मगदूम सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. जवळचं नीट बघायचं असलं की ते तसं करत. आत काचेचे तुकडे ओळीने मांडलेले होते, पोस्टाच्या तिकिटाएवढे, आणि प्रत्येकावर काळा चकचकीत थर. निदान सगळे काळे असायला हवे होते.

"हा बघा," सर म्हणाले. "आणि हा. हा पण."

तिन्ही तुकड्यांना पिवळी कड आली होती. हळदीच्या बोटांनी कुणी काच उचलून परत ठेवावी, तशी. मधला भाग अजून काळा होता, पण कडेची रेघ सरळ नव्हती. तिला आत शिरणारे बारीक दात फुटले होते.

श्रावण चालू होता. कोल्हापुरात आठवडाभर ऊन दिसलं नव्हतं. पंचगंगा पात्राबाहेर पडली होती, विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या भिंतींना ओल आली होती आणि वह्यांची पानं हाताला गार लागत होती. त्या पेटीला आम्ही दमटपेटी म्हणायचो. तिच्या तळाशी मिठाच्या पाण्याची वाटी असे, म्हणजे आतला दमटपणा बाराही महिने एकसारखा राही. आम्ही केलेला थर तिथे किती टिकतो तेच बघायचं होतं. उन्हापासून वीज करणारा हा पदार्थ, पेरोव्स्काइट त्याचं नाव, काळा आहे तोवरच कामाचा. पिवळा पडला की उजेड नुसता त्याच्या अंगावरून निघून जातो.

सर कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटायची. गणपतीच्या आधी प्रकल्प तपासायला समिती येणार आहे, असं ते शांतपणे म्हणाले. जानेवारीत मी केलेले तुकडे याच पेटीत वरच्या फळीवर होते आणि ते अजून काळेभोर होते. कृती तीच, माणूस तोच, पेटी तीच.

"मग तुझ्या हाताला काय झालंय, केतकी?"

माझ्या शेजारी शैलजाक्का उभ्या होत्या. त्या पेटीकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. तुकड्यांच्या मागच्या पट्टीवर नाव माझं होतं, पण आषाढापासून त्या थरांना माझा हात लागलाच नव्हता.

मला माझं कळलं होतं ते वासावरून.

द्रावण करायचं काम आम्ही हुडात करायचो. हूड म्हणजे समोर काच असलेलं मोठं कपाट, वरचा पंखा आतली हवा ओढून बाहेर टाकतो. आमचा पंखा म्हातारा होता, आवाज फार आणि ओढ कमी, पण वास असा कधी कुणाला आला नव्हता. जूनच्या शेवटी एका सकाळी मी कुपीचं झाकण उघडलं आणि शिळ्या बांगड्याचा भपकारा आला. मी मागे वळून विचारलं, इथे कुणी डबा उघडलाय का. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुसऱ्या दिवशी तोच वास. तिसऱ्या दिवशी मी काम टाकून बेसिनकडे धावले, आणि संध्याकाळी घरी जाताना औषधाच्या दुकानासमोर रिक्षा थांबवली.

सासूबाईंचा आनंद पोटात मावेना, पण त्यांनी लगेच तोंडावर बोट ठेवलं. तीन महिने होईस्तोवर कुणालाही सांगायचं नाही. माहेरी पण नाही. त्यांच्या बहिणीने हौसेने सगळ्यांना सांगितलं होतं आणि पुढे काय झालं ते त्या मला सांगत नव्हत्या, नुसत्या मान हलवत होत्या. हृषीकेश म्हणाला, आईचं मन राखू, तीनच तर महिने आहेत. मलाही ते बरंच वाटलं. कारण आमच्या दारामागे एक सूचना लावलेली होती: गरोदर स्त्रियांनी शिसं आणि द्रावकांचं काम करू नये. आदल्या वर्षी अश्विनी नावाची मुलगी दिवस गेल्याचं सांगून गेली ती परत आलीच नाही आणि तिच्या जागी दुसरा मुलगा आला. माझी नेमणूक गणपतीनंतर संपत होती. पुढे वाढवायची की नाही हे सरांच्या हातात होतं. थर करणारीच थर करत नाही म्हटल्यावर सर तिला कशाला ठेवतील?

पण शिशाला हात लावायची हिंमत होईना. हातमोजे होते, मास्क होता, तरीही नाही. पिवळंधमक लेड आयोडाइड चमच्यावर घेतलं की माझा दुसरा हात आपोआप पोटाशी जायचा.

शैलजाक्कांनी तो हात बघितला.

त्या इचलकरंजीच्या एका कॉलेजात शिकवायच्या. चाळिशी उलटल्यावर रजा घेऊन पीएचडीला आल्या होत्या. मुलगी मैथिली अकरावीला. रोज एसटीने यायच्या आणि पर्समधून लिंबाच्या फोडी, चुरमुरे, कसले कसले लाडू काढून सगळ्यांना वाटायच्या. लॅबमधली पोरं त्यांना आक्का म्हणायची, सर तेवढे चौगुले मॅडम म्हणायचे. त्यांनी मला जिन्याखाली गाठलं आणि काही न विचारता माझ्या हातातले मोजे काढून स्वतः घातले.

"आजपासून तू कुपीला शिवायचं नाहीस, पोरी. काचा धुवायच्या, मोजमापं घ्यायची, पट्टीवर नाव लिहायचं. पाकाचं काम माझ्याकडे."

मी म्हटलं, सरांना कळलं तर?

"सर पट्टी वाचतात. माझ्या हाताला काय पट्टी चिकटवलीय?"

सासूबाईंचं म्हणणंही मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. बरोबर आहे, तीन महिने तोंड शिवलेलंच बरं, माझ्याही वेळी माझ्या आईने तेच केलं होतं, असं म्हणाल्या. मग स्वतःच्या पोटावर थाप मारून डोळे मिचकावले. म्हणे, आमचं दुकान आता बंद व्हायला आलंय, पाळीसुद्धा मनात आलं तर येते, नाहीतर रजेवर. या शिशाचं मला काय भय? तू सांभाळ.

आम्ही करायचो त्याला आक्का पाकच म्हणायच्या, आणि ते खरंही होतं. साखरेच्या पाकात लिंबू पिळलं नाही तर तो फिरतो, दाणे धरतो. तसंच हे. शिसं आणि आयोडीन मिळून एक पिंजरा तयार होतो, आणि प्रत्येक पिंजऱ्यात फॉर्मामिडिनियमचा एक पाहुणा बसतो. हा पाहुणा पिंजऱ्याला जरा मोठा आहे. गरम असताना सगळे सामावून घेतात आणि थर काळाभोर होतो. थंड झाल्यावर मात्र ताण सुरू होतो. दमट हवेचं निमित्त मिळालं की पिंजरे मोडतात, त्याच विटा वेगळ्या रांगेत बसतात आणि काळ्याचं पिवळं होतं. काही आत आलेलं नसतं, काही बाहेर गेलेलं नसतं, फक्त रचना बदललेली असते. उपाय एकच, थोडं सिझियम. त्याचा कण लहान. काही पिंजऱ्यांत तो बसला की सगळ्यांचाच ताण उतरतो आणि पिंजरा उभा राहतो. फार घातलं तर सिझियम आपला वेगळा संसार मांडतं, अगदी कमी घातलं तर काही उपयोग नाही.

आक्कांनी केलेले पहिले तुकडे माझ्याइतकेच छान झाले. काळे, आरशासारखे. मी त्यांच्यामागे नाव लिहिलं आणि ते पेटीत ठेवले. रोज सकाळी आल्याबरोबर मी झाकण उघडून बघायची. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, पण हळूहळू ती माझी सवय वेगळीच होऊन बसली. काळे आहेत ना, मग आत सगळं ठीक आहे. डॉक्टरांकडे महिन्यातून एकदा जायचं होतं. मधले दिवस मी त्या पेटीवर काढत होते.

आणि आता पेटीत पिवळं दिसायला लागलं होतं.

सरांनी पेटी उघडली त्या सोमवारनंतर ते थांबलं नाही. मंगळवारी आणखी दोन तुकडे. नागपंचमीच्या दिवशी एका तुकड्याच्या अगदी मधोमध ठिपका आला आणि दुसऱ्या दिवशी तो बुबुळाएवढा झाला. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर पिवळ्या सुया एकमेकींना ढकलत काळ्यात घुसत होत्या. मी लगेच डोळा काढून घेतला. त्या दिवशी माझ्या पोटात सकाळपासून बारीक कळ येत होती. डॉक्टर म्हणाल्या, असं होतं, आराम करा. मी कसला आराम करतेय.

आक्काही गप्प झाल्या होत्या. एरवी सगळ्यांची टर उडवणारी बाई, पण आता डबा उघडायची आणि तसाच मिटायची. चेहरा उतरलेला. कुणी विचारलं की आम्लपित्त म्हणायच्या, पुराच्या पाण्याने एसटी लांबून वळसा घेते, त्यात पोट ढवळून निघतं. मला वाटलं माझ्यामुळे ताण आलाय. सरांनी मला बोललेलं त्यांना लागलं असणार. आपण सरांना खरं सांगू का, असं त्यांनी एकदा विचारलं. मीच नको म्हटलं. तीन महिने पुरे व्हायला थोडेच दिवस उरले होते.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझे जानेवारीतले तुकडे आणि आताचे तुकडे शेजारी शेजारी मांडलेले होते. कारण शोधून आण, एवढंच ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत पुढे म्हणाले की कारण सापडलं नाही तर समितीसमोर हे काम बंद करतो असं मला लिहून द्यावं लागेल, आणि काम बंद म्हणजे तुझी जागाही.

दुसऱ्या दिवशी मी तुकडे घेऊन क्ष-किरणांच्या यंत्राकडे गेले. ते शेजारच्या इमारतीत होतं. छत्री धरूनही ओढणी भिजली. या यंत्रात तुकडा ठेवला की पडद्यावर शिखरांची रांग उमटते, आणि कुठलं शिखर कुठे उभं आहे त्यावरून आतल्या पिंजऱ्याचं माप कळतं. सिझियम आत बसलं असलं की पिंजरा किंचित आकसतो आणि शिखरं उजवीकडे सरकतात. केसभरच, पण सरकतात. जानेवारीतला तुकडा ठेवला. शिखरं सरकलेली होती. आक्कांचे आषाढातले सुरुवातीचे तुकडे ठेवले. त्यातही सरकलेली. मग त्यानंतरचे ठेवले.

शिखरं जागची हलली नव्हती. आणि डावीकडे, जिथे काही असायला नको, तिथे पिवळ्याचं शिखर वर येत होतं.

मी पुन्हा पुन्हा करून बघितलं. पट्टीवर सिझियम लिहिलं होतं. तराजूच्या नोंदीत सिझियम होतं. फक्त थरात ते नव्हतं.

परतताना पायऱ्यांवर थांबून मी विचार करत राहिले. वजन करून कुपीत घातलेलं सिझियम जाणार कुठे? सिझियम फार सावकाश विरघळतं. बाकी सगळं विरघळून द्रावण पिवळं नितळ दिसायला लागतं, तरी तळाशी पांढरी भुकटी राहिलेली असते. कोमट प्लेटवर कुपी ठेवून ढवळत राहायचं, मधूनमधून झाकण उघडून बघायचं, तळ स्वच्छ दिसेपर्यंत. मग सिरिंजमध्ये भरून बारीक जाळीतून गाळायचं. कुणी घाई केली आणि आधीच गाळलं, तर सिझियम जाळीवर राहून जाणार. खाली उतरेल ते द्रावण अगदी सुरेख. थरही सुरेख. चार दिवस काळाभोर.

हुडाशेजारी वापरलेल्या जाळ्यांचा डबा होता. मी दोन-दोन मोजे चढवून, मास्क लावून, चिमट्याने त्या जाळ्या उजेडात धरल्या. प्रत्येकीच्या आत पांढरी पिठूळ कड होती.

मला राग आला. ते मी लपवत नाही. माझी नोकरी, माझं मूल, सगळं ज्या हातावर टाकलं होतं त्या हाताने आळस केला, असंच वाटलं. आक्का मागच्या व्हरांड्यात होत्या. तिथे पत्र्याखाली बाकडं होतं आणि पावसाची झड आत येत नसे. त्या भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या, गालात लिंबाची फोड.

मी समोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. शिखरं, जाळी, पांढरी भुकटी. आक्कांनी डोळे उघडले, पण मान उचलली नाही.

"माझ्याच हातून झालं म्हण की," त्या म्हणाल्या. "द्रावण नितळ दिसलं की मी गाळून मोकळी होत होते. थांबायचं असतं हे मला कळत नाही का? पोरांना शिकवते मी ते."

"मग का नाही थांबलात, आक्का? माझी जागा जाणार आहे."

"थांबवत नव्हतं गं. तळ बघायला झाकण उघडलं की जीव वर यायचा. नाक दाबून कितींदा उघडणार?"

"कशाने?"

"त्या वासाने. काय म्हणतात तो... शिळ्या मासळीचा. आमच्या घरी मासळी कधी शिजत नाही, पण बाजारातून जाताना येतो बघ, तसला. लॅबमधल्या कुणालाच येत नाही म्हणे. मला मेलीला येतो. पित्त वाढलं की नाक असं होत असेल."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी जी उभी होते ती तशीच राहिले. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही.

त्या हुडात माझ्याशिवाय कुणालाही वास आला नव्हता. मलाही आधी कधी आला नव्हता. फक्त तेव्हापासून.

"आक्का," मी खाली बसले, अगदी त्यांच्या गुडघ्यांपाशी. "पाळी कधी आली होती?"

त्या हसल्या. "दुकान बंद झालंय म्हटलं ना तुला. आषाढापासून तोंड दाखवलं नाही तिने. बरंच झालं, एसटीच्या खेपा..."

बोलता बोलता त्यांचं हसू तोंडावरच राहिलं. मग ते उतरलं. त्यांनी गालातली लिंबाची फोड हातात काढून घेतली आणि तिच्याकडे बघत बसल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "वेडी का काय तू? माझी मुलगी अकरावीला आहे."

मी छत्री घेऊन गेटसमोरच्या औषधाच्या दुकानात गेले आणि तपासणीची पट्टी घेऊन परत आले. आक्का बायकांच्या स्वच्छतागृहात गेल्या आणि मी दाराबाहेर थांबले. आत नळ वाहत होता. तो फार वेळ वाहत राहिला. मी हाक मारली नाही. व्हरांड्याच्या टोकाला पोरं पुराच्या गप्पा मारत होती, कुठला पूल बुडाला, कुठली गाडी अडकली. नळ बंद झाला.

आक्का बाहेर आल्या तेव्हा हातातली पट्टी त्यांनी पदराआड धरली होती. मला दाखवायची गरज नव्हती. त्यांचा चेहरा एकाच वेळी फार तरुण आणि फार म्हातारा दिसत होता. एक क्षणभर, अगदी क्षणभर, त्यात आनंद होता. मी तो बघितला. आणि मग तो जागीच थिजला.

"केतकी," त्यांनी हळूच विचारलं, "मी तुझं काम कधीपासून करतेय गं?"

दोघींनाही उत्तर माहीत होतं.

मी तशीच सरांकडे गेले. माझं सगळं सांगितलं. आक्कांनी स्वतःचं सांगायला हात जोडून मना केलं होतं, घरी आधी बोलू दे म्हणाल्या होत्या, म्हणून त्यांचं बोलले नाही. इतकंच म्हटलं की द्रावण मी करत नव्हते, मला दिवस गेले आहेत, आक्कांनी माझ्यासाठी केलं, आणि सिझियम जाळीवर राहिलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ते अगदी कुणाच्याही वडिलांसारखे दिसत होते.

"मला का नाही सांगितलंस? कळलं त्या आठवड्यापासूनच मोजमापाचं काम दिलं असतं तुला. दुसऱ्या कुणाला तरी द्रावणाला बसवलं असतं."

मी अश्विनीचं नाव घेतलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. तिला मी थांब म्हणत होतो, ते म्हणाले. तिलाच माहेरी जायचं होतं. तिची जागा मी चार महिने रिकामी ठेवली होती, शेवटी वरून पत्र आलं म्हणून भरली.

दारामागची सूचना मी रोज बघत आले होते. तिचा अर्थ मी आणि सगळ्यांनी मिळून परस्पर लावून टाकला होता. सरांना कुणी विचारलंच नव्हतं.

आक्का त्या दिवशी लवकर गेल्या. पुलावर पाणी होतं म्हणून एसटी बंद होती, तर सरांनी लांबच्या रस्त्याने जायला स्वतःची गाडी आणि ड्रायव्हर दिला. सरांना वाटलं त्यांचं पित्त वाढलंय. गाडीत बसताना त्यांनी खिडकीतून माझा हात धरला आणि सोडला.

नंतरचं मला फोनवर कळलं. आक्कांच्या नवऱ्याने आधी विश्वास ठेवला नाही, मग पेढे आणायला निघाले, मग आक्कांनी त्यांना थांबवलं. मैथिली रुसून बसली आणि संध्याकाळी आईच्या कुशीत येऊन झोपली. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून सोनोग्राफीला गेले. डॉक्टरांनी यंत्र इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, पडदा आपल्याकडे वळवून घेतला. ठोके लागत नव्हते. वाढ काही दिवसांपूर्वीच थांबली होती.

आक्का हे सगळं एखाद्या तिसऱ्या बाईबद्दल सांगावं तसं सांगत होत्या. डॉक्टर म्हणाले, या वयात असं पुष्कळदा होतं. शिशाचंही आक्कांनी त्यांना विचारलं. त्यांनी रक्त तपासलं. थोडं होतं. त्यामुळेच झालं का, तर ते म्हणाले तसं कुणालाच सांगता येणार नाही.

"कुणालाच सांगता येणार नाही म्हणाले," आक्का पुन्हा म्हणाल्या. "तेव्हा तू मनात काही आणू नकोस. तुझं सांभाळ. जेवतेस ना?"

मी जेवत होते. माझे तीन महिने त्याच आठवड्यात पुरे झाले. सासूबाईंनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले आणि घरात गोडधोड झालं. समिती आली, बघून गेली. एका नवीन मुलाने तळ स्वच्छ होईपर्यंत ढवळून केलेले तुकडे पेटीत होते आणि ते काळेभोर राहिले. सरांनी माझी नेमणूक वाढवली. पोट वर येत गेलं, मी खुर्चीत बसून शिखरं मोजत गेले. आक्का दिवाळीनंतर परत आल्या. हुडाला तोवर नवा पंखा लागला होता. त्या पूर्वीसारख्या चुरमुरे वाटायच्या, टर उडवायच्या. त्या विषयावर आम्ही एक शब्दही बोललो नाही. कधीकधी मी मान वर केली की त्या माझ्या पोटाकडे बघत असायच्या आणि पकडल्या गेल्यासारख्या दुसरीकडे बघायच्या.

माघात मुलगी झाली. वजनाने भरलेली, डोक्यावर दाट जावळ. डॉक्टरांनी तिला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा मी आधी तिची बोटं मोजली, मग श्वास मोजले, मग पुन्हा बोटं.

बारशाच्या वेळी आत्या कोण, हा प्रश्न आला. हृषीकेशला बहीण नाही. सासूबाईंनी चुलत नणंदेचं नाव काढलं. मी म्हटलं, नाव ठेवायला शैलजाक्का येतील. सासूबाईंना माझ्या मनात काय आहे ते कळायचं कारण नव्हतं. त्यांना हौशी बाई आवडायच्या आणि आक्का डोहाळजेवणात त्यांना फार आवडल्या होत्या, त्यामुळे त्या खुशीत हो म्हणाल्या.

मी फोन केला तेव्हा आक्का एवढंच म्हणाल्या, येते.

त्या मोरपिशी इरकल नेसून आल्या, सोबत मैथिली. त्यांनी बाळाला स्वतः शिवलेलं झबलं आणि टोपरं आणलं होतं. घर बायकांनी भरलेलं होतं. पाळण्याला फुलं, खाली दिवे, कोपऱ्यात घुगऱ्यांचं पातेलं. पाळणागीत झालं, गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं, आणि सासूबाईंनी आक्कांना पुढे केलं. नाव मी त्यांना आधीच सांगितलेलं होतं. आक्कांनी पदर खोचला, पाळण्यात वाकल्या आणि बाळाच्या कानाशी तोंड नेलं.

तशी बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीवर धपाटे घालायला सुरुवात केली. कुर्रर्र, कुर्रर्र करत, हसत, एकमेकींना ढकलत. मैथिलीही त्यात होती. आक्कांची पाठ त्या धपाट्यांखाली हलत होती. धपाटे कमी झाले, थांबले, तरी ती हलतच होती. मी पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. मला तिथून त्यांचे हात दिसत होते. दोन्ही हातांनी त्यांनी पाळण्याची कड गच्च धरली होती आणि बोटं पांढरी पडली होती.

बाळ जागं होतं. ते रडलं नाही. डोळे उघडे ठेवून ऐकत होतं.

"अगं, एक नाव सांगायला किती वेळ," सासूबाई हसत म्हणाल्या. बाकीच्याही हसल्या. "झालं की नाही सांगून?"

आक्कांनी मान वर केली नाही. पाळण्यातूनच त्यांचा आवाज आला, अगदी हळू, जणू कुणाची झोप मोडू नये.

"सांगतेय," त्या म्हणाल्या. "अजून सांगतेय."